ट्रेलरवरची महाराणी

समीक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जाड चष्मा, खांद्यावर शबनम पिशवी आणि कपाळावर आठी असा एक इसम उभा राहतो. आमच्या शेलूबाजारात हा नमुना सापडायचा नाही. इथे कोणी कवितासंग्रह काढलाच, तर त्याची दखल फार तर भज्यांच्या पुडीच्या रूपाने घेतली जाईल. पण म्हणून आमचं गाव समीक्षेत मागे आहे असं समजू नका. आमची समीक्षा वाङ्मयाची नाही, वाहनांची आहे. कारंज्याहून मालेगावकडे जाणारा रस्ता आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात त्या चौफुलीवर चहाची टपरी आहे, आणि टपरीपुढे एक बाक आहे. त्या बाकावर सकाळी सहापासून चार-पाच मंडळी बसलेली असतात. त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एकही वाहन वाशीम जिल्ह्यात मानाने फिरू शकत नाही.

एसटी वळली की एक जण चहाच्या कपातून मान वर न काढता सांगतो, "गिअरबॉक्स बोलून रायला." नवा ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून देवळाकडे निघाला, की दुसरा म्हणतो, "मुंडावळ्या तं बांधल्या, मातर नवरदेव ओढते का पाह्य." काळ्यापिवळ्या जीपमध्ये माणसं कोंबलेली पाहून तिसऱ्याला दया येते; माणसांची नव्हे, पाट्यांची. भरतमुनींना नाटकासाठी आठ रस लागले. आमच्या बाकाचं तीन प्रश्नांत भागतं: चालते का? ओढते का? आणि रस्त्यात बंद पडली तर तिथल्या तिथे उघडता येते का?

या बाकाचं अध्यक्षपद एका मिस्त्रींकडे आहे. साठी उलटून गेली, पण हाताच्या रेषांत अजून ग्रीस आहे. एखाद्या ज्योतिष्याने त्यांचा हात पाहिला, तर आयुष्यरेषेऐवजी त्याला ऑइलचा नंबर वाचता येईल. ते मला 'गुरुजी' म्हणतात, कारण मी शाळेत शिकवत होतो. मी त्यांना 'मिस्त्री' म्हणतो, कारण त्याहून मोठी पदवी मला ठाऊक नाही.

आता या बाकाचा आणि अमेरिकेतल्या हॉट रॉडचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध माझ्या भाच्यामुळे आला. हा भाचा डेट्रॉइटला असतो. मोटारींच्या धंद्यात आहे, म्हणजे दिवसभर संगणकापुढे बसतो. मोटारीच्या पोटात काय असतं ते त्याला पडद्यावर सगळं दिसतं, बोटाला मात्र कधी काही लागत नाही. त्याच्या डोक्यात जुनी मोटार घ्यायचं खूळ शिरलं. तिकडे पैसा झाला की माणसं जुनी मोटार घेतात. आपल्याकडे पैसा झालेला नसला की घेतात. एकूण जुन्या मोटारी दोन्हीकडे खपतातच.

"मामा, मला हॉट रॉड घ्यायचाय," असं तो म्हणाला तेव्हा मला ती स्वयंपाकघरातली काही वस्तू वाटली. मग त्याने सगळा इतिहास सांगितला, आणि तो मला भलताच आवडला.

झालं असं, की १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. ६५ अश्वशक्तीचं. आजच्या हिशेबाने ही शक्ती म्हणजे घरच्या लहान मोटारीइतकीच. पण त्या काळच्या स्वस्त मोटारींत तिचा मोठाच बोलबाला झाला. पुढे या मोटारी जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या रिकामखिशाच्या पोरांच्या हाती लागल्या. पोरांनी काय करावं? चिखलपंखे काढले, बंपर काढले, बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढले, छप्पर काढलं. जे जे पळायला आड येतं, ते ते काढून टाकलं. आणि ही उघडीबोडकी मोटार घेऊन ती मंडळी मोहावीच्या वाळवंटातल्या मुरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांवर गेली. तळ्याचा तळ टेबलासारखा सपाट. तिथे घड्याळ लावून पळायचं आणि संध्याकाळी धूळ झाडून त्याच मोटारीने घरी यायचं. १९३७ साली या घड्याळवाल्यांनी 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' अशी रीतसर संस्था काढली. महायुद्ध संपल्यावर लढाईत यंत्रं हाताळून आलेले जवान त्यात शिरले, आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं.

मी हे सगळं बाकावर सांगितलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पटाचा छकडा."

अगदी बरोबर. शंकरपटाचा छकडा ज्याने पाहिला आहे त्याला हॉट रॉड वेगळा समजावून सांगायला नको. घरच्या गाडीला साट्या, तट्ट्या, वंगणाचा नळा असा सगळा संसार असतो. पटाच्या छकड्याला दोन चाकं, एक आस आणि हाकणाऱ्याला कसंबसं उभं राहायला जागा. बाकीचं सगळं काढून टाकलेलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या सात वर्षांत गोठ्यांतून काय चर्चा झाल्या असतील त्या झाल्या, पण छकड्याला कोणी चांदीचा पत्रा ठोकला असं ऐकिवात नाही. वजन वाढलं असतं ना!

अमेरिकेत मात्र तेच झालं, आणि भांडणाला सुरुवात इथूनच होते.

डेट्रॉइटमध्ये दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस 'ऑटोरामा' नावाचं प्रदर्शन भरतं. भाचा तिथे गेला आणि त्याने फोनवरून आम्हाला ते चालतं-बोलतं दाखवलं. तिकडे रात्रीचे साडेआठ, इकडे सकाळचे सात. बाकावर पाच डोकी आणि मध्ये एक फोन. कीर्तनाला नसते एवढी शांतता.

वरच्या मजल्यावरचं दृश्य काय सांगावं! मोटार कसली, ती जडावाची डबीच. रंग असा, की त्यात हात बुडेल. दोन पत्र्यांमधली फट इथून तिथून सारखी, जणू सुताराने नव्हे तर सोनाराने भरलेली. आतल्या चामड्याला शिवण अशी, की आमच्या घरच्या लग्नातल्या शालूंनी लाजावं. गाडीच्या पोटाखाली आरसे ठेवलेले. कशाला? तर पोटाखालचे नट-बोल्टसुद्धा क्रोमने उजळलेले आहेत ते प्रेक्षकांना दिसावं म्हणून. भोवती दोर. दोराच्या आत एक गृहस्थ मऊ फडकं घेऊन उभे. कोणी शिंकलं की ते पुसतात.

"हिचा आवाज ऐकव म्हना त्याले," मिस्त्री म्हणाले.

भाचा म्हणाला, "मामा, हॉलमध्ये इंजिन चालू करत नाहीत."

"मंग पाह्यलं काय?" मिस्त्रींनी मला विचारलं. त्यांच्या स्वरात राग नव्हता. शंका होती. गवयाचा फोटो दाखवून गाणं कसं वाटलं असं कोणी विचारलं, तर जी शंका येईल ती.

ऑटोरामाचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे 'रिडलर'. १९६४ पासून ते देतात. त्याची एक अट फार गोड आहे: स्पर्धेला आणलेली मोटार त्यापूर्वी कुठल्याही प्रदर्शनात लोकांना दाखवलेली नसावी. आपल्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात असा आग्रह कोणी धरत असेल, पण तोही 'घराबाहेर पडलेली नसावी' इथपर्यंत जात नाही. ही मोटार मात्र वर्षानुवर्षं कारागिरांच्या पडद्याआड वाढते, बंद ट्रेलरमधून येते, सतरंजीवर उभी राहते आणि बंद ट्रेलरमधूनच जाते. बक्षीस १०,००० डॉलरचं. गाडीवर झालेला खर्च त्याच्या कित्येक पट. हिशेबाच्या वहीत याला धंदा म्हणत नाहीत, व्रत म्हणतात.

यावर हॉट रॉडवाल्या मंडळींचं म्हणणं काय? त्यांच्या भाषेत अशा मोटारीला एक नाव आहे, त्याचं मराठी मी 'ट्रेलरवरची महाराणी' असं करतो. महाराणीचे पाय जमिनीला लागत नाहीत. तिच्यावर त्यांचे आरोप मुख्यतः चार आहेत. पहिला: ही चालत नाही. दुसरा: ही मालकाने केली नाही, मालकाच्या चेकबुकाने केली. तिसरा: या सगळ्या एकीसारख्या एक दिसतात, बक्षिसाचे परीक्षक काय मागतात ते ओळखून बनवलेल्या. परीक्षेत 'अपेक्षित प्रश्नसंच' वाचून येणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी तीस वर्षं तपासल्या आहेत, त्यामुळे हा आरोप मला लगेच कळला. आणि चौथा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: अशा गाडीचा मालक तिचा मालक राहत नाही, तिचा पहारेकरी होतो. खडा उडेल म्हणून रस्ता नको, पाऊस लागेल म्हणून अंगण नको, पोराचा हात लागेल म्हणून पोर नको.

चारही आरोप बाकाने एकमताने मंजूर केले. एवढं एकमत आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या ठरावावरही होत नाही.

पण समीक्षेचं काम आरोप मंजूर करून संपत नाही. आरोप करणाऱ्याकडेही एकदा पाहावं लागतं. भाच्याला म्हटलं, आता त्या खऱ्या हॉट रॉडवाल्यांकडे ने. तो जिना उतरून तळघरात गेला. हो, तळघरातच. त्या प्रदर्शनात वरचा मजला चकाकणाऱ्यांचा आणि खालचा मजला या जुन्या वळणाच्या मंडळींचा, अशी वाटणी आहे. जगात वर्णव्यवस्था कुठे कुठे पोचली आहे पाहा!

खाली वेगळंच जग. काळ्या बिनचमकीच्या गाड्या, गंजलेले पत्रे, दाराच्या मुठीच्या जागी पाना, गिअरच्या दांड्यावर कवटी. मिस्त्रींचा चेहरा खुलला. "हे आपले लोक," असं ते म्हणाले. तेवढ्यात भाच्याने एका गाडीशी फोन नेला आणि तिच्या मालकाने अभिमानाने सांगितलेली गोष्ट आम्हाला मराठीत सांगितली: या गंजावर त्याने पारदर्शक वॉर्निश मारलं आहे, गंज आणखी वाढू नये आणि पुसूनही जाऊ नये म्हणून. शेजारची गाडी तर त्याहून पुढची. तिचा पत्रा नवा होता. गंज ब्रशाने रंगवलेला होता.

बाकावर पुन्हा शांतता पसरली. या वेळची शांतता निराळी होती.

"गंज रंगवला?" मिस्त्री म्हणाले. "जंग लागते ते फुकट लागते ना बाप्पा! त्याचेबी पैसे देल्ले?"

या पंथाला तिकडे 'रॅट रॉड' म्हणतात. चकाकीच्या विरोधात बंड म्हणून तो उभा राहिला. पण बंडालाही आरशाचा मोह सुटत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ श्रीमंतीचं सोंग आणतात असं म्हणावं, तर खालच्या मजल्यावरचे काही जण गरिबीचं सोंग आणतात. आणि या दोन्ही सोंगांत मला तरी दुसरं जास्त खुपतं. आमच्या भागात कापूस बोंडअळीने गेला किंवा सोयाबीन काढणीच्या तोंडावर पावसात भिजलं, की लोक वर्षभर ठिगळं लावून दिवस काढतात. ठिगळ हौसेने लावायची वस्तू आहे, असं त्यांना कोणी अजून सांगितलेलं नाही.

त्यातच बाकाच्या टोकाला बसलेले एक शेतकरी काका बोलले. हे गृहस्थ सहसा बोलत नाहीत. बोलले की इतरांचं बोलणं थांबतं. ते म्हणाले, "गुरुजी, पटाचा बैलबी कुठी नांगराले चालते? त्याले खारीक-बदाम लागते, दूध लागते. पटावाला शोवाल्याले हसते, अन् आम्ही दोघायलेबी."

म्हणजे पाहा. प्रदर्शनाच्या गाडीला पळणारा हसतो, की ही पळत नाही. पळणाऱ्याला ओढणारा हसतो, की हा ओढत नाही. ओढणाऱ्याला आता समृद्धी महामार्ग हसतो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झालेला आणि २०२५ च्या जूनमध्ये पुरा झालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या गावाशेजारून जातो. शेलूबाजारला त्यावर चढायची-उतरायची सोयसुद्धा आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. पण बैलगाडी, ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकल यांना मज्जाव. म्हणजे आमच्या बाकाने ज्यांची समीक्षा करण्यात हयात घालवली, ती बहुतेक मंडळी त्या रस्त्याला चालत नाहीत; आणि त्या रस्त्याला चालणारी मंडळी आमच्या बाकापुढून जात नाहीत. मिस्त्रींच्या गॅरेजपुढची गर्दी त्यामुळे पातळ झाली आहे. त्यांचा मुलगाच सांगत होता, की आता गाडी उघडण्यापेक्षा तिला चकचकीत लेप आणि रंगीत फिल्म लावण्याच्या धंद्यात जास्त पैसा आहे. मिस्त्री त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हात पुसले. तेव्हा हा वाद अमेरिकेतला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो आमच्या चौफुलीवर येऊन थांबलेला आहे.

मग चकाकीवाल्यांची बाजू काहीच नाही का? आहे, आणि ती त्यांच्या टीकाकारांनी जरा अभ्यासून पाहावी. हे ऑटोरामा १९५३ साली सुरू झालं ते कोणी? मिशिगनमधल्या हॉट रॉडवाल्यांच्याच संघटनेने. आणि कशासाठी? पोरं भर रस्त्यात शर्यती लावत, त्यांना शर्यतीची वेगळी पट्टी बांधून द्यावी, त्यासाठी पैसे जमवावे म्हणून! म्हणजे धावायला जागा मिळावी म्हणून गाड्या एक-दोन दिवस उभ्या केल्या, तिकीट लावलं. उत्सव असा होता की आधी देव आणि त्याच्या खर्चासाठी वर्गणी. पुढे वर्गणीचाच उत्सव झाला, हे आपल्याकडेही नवीन नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या प्रदर्शनात 'अमेरिकेतला सर्वांत सुंदर रोडस्टर' असं बक्षीस १९५० साली प्रथम दिलं गेलं. रोडस्टर म्हणजे उघडी दोन आसनी मोटार. बक्षिसाचा करंडक नऊ फूट उंच. घरात ठेवायचा तर आधी छप्पर काढायला हवं. पहिला मानकरी बिल नीकॅम्प नावाचा, पत्र्याचं आणि रंगाचं काम करणारा कारागीर. १९२९ च्या फोर्डवरून त्याने ती गाडी स्वतः बनवली होती. लोक कुजबुजलेच, की दिसायला छान आहे हो, पण पळते का? तेव्हा हा गृहस्थ ती सुंदर गाडी घेऊन सुकलेल्या तळ्यावर गेला आणि ताशी १४२ मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वादोनशे किलोमीटरच्या वर पळवून आला. समीक्षेला असं उत्तर मराठी साहित्यात फार कमी जणांनी दिलं आहे. आपल्याकडे लेखक समीक्षकाला उत्तर देतो ते पत्रातून. त्यात वेग असतो, पण तो बहुधा रक्तदाबाचा.

म्हणजे सौंदर्य आणि धाव यांचं मुळात वैर नव्हतं. एकाच माणसाच्या एकाच गाडीत दोन्ही नांदत होती. त्यांची फारकत झाली ती पुढे, जेव्हा बनवणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि गाडी हाकणारा कोणीच नाही, अशी व्यवस्था झाली.

आपल्या मराठी मुलखात हा खेळ वाढला नाही, याची कारणं उघड आहेत. इथे मोटार पुरती कापायची तर आधी ती पुरती आपली व्हावी लागते, आणि हप्ते संपेपर्यंत ती बँकेची असते. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या रचनेत मूलभूत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी स्पष्ट केलं. तरी हौस कुठे जाते? दिलीप छाब्रियांनी लोकांच्या साध्या गाड्यांना नवे मुखवटे चढवून दाखवले, आणि २००४ सालच्या 'टारझन' नावाच्या हिंदी सिनेमात टोयोटाची एक लहानशी मोटार त्यांच्या हातून अशी बदलून आली, की गावोगावची पोरं नटापेक्षा मोटारीसाठी तिकीट काढू लागली. पण ती गाडी चालायची ती सिनेमात. म्हणजे पुन्हा महाराणीच, फक्त ट्रेलरऐवजी पडद्यावरची.

खरा मराठी हॉट रॉड मला दिसला तो सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातले सुटे भाग जोडून आपल्या मुलासाठी एक छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू व्हायची. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही, रस्त्यावर फार दिवस चालू देणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. कारागिराला बोलेरो मिळाली. त्याची जीप कंपनीच्या चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रातल्या संग्रहासाठी गेली.

ही गोष्ट मी बाकावर सांगितली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. साठ हजारांच्या भंगाराची बोलेरो, यापेक्षा चांगला सौदा आमच्या बाजारात झालेला नाही. फक्त मिस्त्रींनी थोड्या वेळाने विचारलं, "मंग ते जीप आता उभीच हाये?"

आणि माझ्याही ध्यानात आलं, की गोष्टीत एक गंमत होऊन गेली आहे. ज्याच्या हातांनी गाडी घडली, त्याच्याकडे आता कारखान्यातून जशी आली तशी, कोणीही चावी फिरवून चालवावी अशी गाडी आहे. आणि जी गाडी केवळ चालावी म्हणून जन्माला आली, ती आता पाहण्यासाठी आहे. यात कोणाचाच दोष नाही. मनं चांगली होती, सौदा चांगला होता. पण महाराणी होण्यासाठी क्रोमच लागतं असं नाही, हे मला त्यातून कळलं. गाडीला रस्त्यावरून उचललं आणि तिच्याभोवती दोर लावला, की ती महाराणी झालीच.

तर मग निकाल काय? परक्यांच्या भांडणात न्यायाधीश व्हायला आम्हा शेलूबाजारकरांना संकोच वाटत नाही, म्हणून सांगतो. या वादाचा निकाल आपल्याकडे कधीच लागलेला आहे, पोळ्याला.

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल घेऊन पोरं येतात. पूर्वी बैल वीतभर असत. आता काही वडील पोराहून उंच बैल आणतात, त्यांवर मखमल, त्यांवर दिवे. आणि सजावटीचं बक्षीस मिळालं की फोटोत पोराच्या पुढे वडीलच. हा पुरा वरच्या मजल्याचा कारभार झाला. पोराच्या हातात दोरी आहे तोवर चालेल. वडिलांच्या हाती गेली की महाराणी.

पण खरा पोळा पाहा. तिथेही सजावट काय कमी असते? शिंगांना रंग, बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. एवढा नटवलेला प्राणी वर्षभरात नवरदेवाखेरीज दुसरा दिसत नाही. त्याला मात्र कोणी हसत नाही. आमचा बाकसुद्धा हसत नाही. का? तर त्या सजावटीच्या आदल्या दिवशी एक विधी होतो. बैलाचा खांदा शेकतात. जिथे वर्षभर जू घासलं, जिथे कातडी जाड होऊन घट्टा पडला, त्या जागी हळद आणि तूप चोळतात. आधी खांदा, मग बाशिंग. हा क्रम आहे. शृंगार आहे तो त्या घट्ट्याचा सत्कार म्हणून.

मला वाटतं, हॉट रॉडवाले आपलं म्हणणं नेमकं मांडत नाहीत ते इथे. प्रदर्शनातल्या गाडीचं पाप तिची चकाकी नव्हे. चकाकू द्या बिचारीला! असल्या कामासाठी कारागिरांनी महिनोन्‌महिने हात झिजवलेले असतात, आणि हात झिजवणाऱ्याला हसण्याइतकं आमचं बाक अजून उद्धट झालेलं नाही. तिची उणीव एवढीच, की झूल आहे आणि खाली घट्टा नाही. आणि तळघरातल्या त्या दुसऱ्या गाडीचं पाप याहून मोठं, कारण तिने घट्टाच रंगवून घेतला. खरा हॉट रॉड या दोन्हींच्या मधला. त्याचा घट्टा खरा असतो. मग तो चमको नाहीतर गंजो, तो प्रश्न मालकाच्या आवडीचा आणि पावसाच्या मर्जीचा.

हे सगळं मी भाच्याला सविस्तर लिहून कळवलं. त्याने वरच्या मजल्यावरची घेतली नाही. ती त्याला परवडणारही नव्हती, त्यामुळे तत्त्वाला फारसा ताण पडला नाही. खालची रंगवलेल्या गंजाचीही घेतली नाही. कोणाच्या तरी गोठ्यात अर्धवट पडलेली एक जुनी फोर्ड घेतली. परवा त्याने फोटो पाठवला. मोटार त्यात कुठेच नव्हती. नुसता एक हात होता. अंगठ्याला पट्टी, नखांत काळं. मिस्त्रींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आता शिकते." आपल्या मुलाला हाक मारून त्यांनी तो फोटो त्यालाही दाखवला. मुलाने पाहिला. काही बोलला नाही. पण दुपारी तो गॅरेजमध्ये एका जुन्या डिझेल इंजिनाचं हेड उतरवताना दिसला, असं टपरीवाला सांगतो. टपरीवाल्याचं सगळंच खरं मानू नये.

एक सूचना मात्र जाता जाता करावीशी वाटते. चेन्नईजवळ ती देवराष्ट्र्याची जीप जिथे कुठे जपून ठेवली असेल, तिथल्या मंडळींनी वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, तिला बाहेर काढावं. आवाराच्या रस्त्यावर का होईना, एक फेरी मारून आणावी. हार घालायचा तर जरूर घालावा. पण आधी किक मारावी.